डाव्या बाजूची सीट

हैदराबादेत आषाढ लागला की पावसाच्या आधी वारा मुक्कामाला येतो. पावसाचं काय, तो येतो, रस्ते तुंबवतो आणि मग चार दिवस तोंड दाखवत नाही. वारा मात्र सकाळची कामं आटोपता आटोपता उठतो आणि दिवेलागणीपर्यंत हटत नाही. पश्चिमेकडून येतो. चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीत त्याला सरळ शिरता येत नाही, म्हणून तो गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं वाजवतो, वाळत घातलेल्या चादरी शेजाऱ्यांकडे पोचवतो आणि खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेल्या आमच्या नावेला हलवून बघतो. ताडपत्रीचं एक टोक सुटतं, फडफडायला लागतं, आणि वरून आईचा आवाज येतो, "सुजे, वारा आला बघ."

यंदाही परवा आला. मी डबा भरत होते, ऑफिसला उशीर झाला होता. आई गॅलरीत तिच्या खुर्चीवर बसली होती. काचबिंदूनं तिची नजर कडांकडून खात खात आत आणली आणि आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. पण वाऱ्याच्या बाबतीत घरात तिच्याइतकं कुणाला कळत नाही. नुसत्या फडफडीवरून ती दिशा सांगते, जोर सांगते, आणि मग हमखास विचारते, "तुझे अण्णा कुठं गेले? दोऱ्या बघून घ्या म्हणावं." अण्णा तेव्हा आधीच खाली, ताडपत्रीत डोकं घालून उभे असतात. गाडीच्या जागेवर नाव आणि गाडी बाहेर गल्लीत, ही आमच्या घराची रीत आता शेजाऱ्यांनाही पाठ झाली आहे.

समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. कोकणातल्या माणसाला शीड, सुकाणू, डोलकाठी हे शब्द आईच्या दुधाबरोबर मिळत असतील. आम्ही नांदेडकडचे, आम्हाला नाव म्हटलं की गोदावरीच्या पैलतीरी माणसं आणि शेरडं नेणारी होडी आठवणार. आणि खरं सांगायचं तर तिच्याशीही आमचं फारसं सूत नव्हतं. अण्णांच्या आजोबांना गावच्या घाटावर उतरायची मुभा नव्हती. आमच्या लोकांनी पाणी भरायचं ते खालच्या अंगाला, वरच्यांचं सगळं उरकल्यावर. हे अण्णा कधी चढ्या आवाजात सांगत नाहीत. नावेला पहिला रंग देताना, ब्रश डब्यात बुडवता बुडवता एकदाच म्हणाले, "आमचा आज्जा पाण्याला घाबरायचा. पाण्याला न्हाई, पाण्याजवळच्या माणसांना." आणि पुढचा हात मारला. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

पण नावेची सुरुवात अण्णांनी केली नाही, आईनं केली. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने आमच्याकडे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे मेणबत्ती लावायची, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, मग अण्णा चष्मा पुसून वाचायला बसतात. काही वर्षांपूर्वी आश्विनी पौर्णिमेला वाचन संपलं. आठवड्यापूर्वीच हिमायतनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून नीट समजावून सांगितलं होतं. गेलेली नजर येणार नाही, उरलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही, थेंब चुकवू नका. पौर्णिमेच्या त्या संध्याकाळी अण्णांनी ग्रंथ मिटला आणि ती म्हणाली, "मला एकदा तळ्यातल्या बुद्धाभोवती फिरून यायचंय."

"जाऊ की," अण्णा म्हणाले. "रविवारी लाँचनं जाऊ."

"लाँच नक्को. ती भोंगा लावून गाणे वाजवत जाते आन् सरळ पायथ्याला नेऊन सोडते. तिथून वर बघितलं की मला त्याची हनुवटी दिसते नुसती. आन् त्या पायऱ्या मला उतरायला होत न्हाईत. मला गप जायचंय. लांबून. समोरून, बाजूनं, पाठीमागून. डोळे हायत तोवर."

अण्णा चपापले. आम्ही नवस-उपवास सोडून दिलेली माणसं. "म्हणजे प्रदक्षिणा?" त्यांनी विचारलं. "हे कुठून काढलंस? आपल्यात हे बसत न्हाई."

"प्रदक्षिणा तुम्ही म्हणालात. मी फिरून यायचं म्हणाले."

"मग उलटीकडून फिरलं तरी चाललं?"

"न्हाई. मोठ्या माणसाला उजव्या हाताला ठेवत्यात. एवढं तर कोणालाबी कळतं."

अण्णांनी हात टेकले. आईशी वादात ते रिटायर होण्याच्या कितीतरी आधी रिटायर झाले होते.

ज्यांनी हुसेनसागर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तळ्यात एका खडकावर तो उभा आहे, अख्ख्या दगडाचा, टँकबंडाकडे, म्हणजे तळ्याच्या पूर्वेच्या बांधावरच्या रस्त्याकडे, तोंड करून. आम्ही बसमधून, स्कूटरवरून, आता उड्डाणपुलावरून येता-जाता त्याला बघतो. लहानपणी बस टँकबंडावर आली की आई पदर सावरून घ्यायची आणि मला कोपर मारायची, बघ म्हणून. मी खिडकीतून भेळेच्या गाड्या बघत असायचे. इतकं रोजचं झालेलं काही पुन्हा नीट बघायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता रोज आईच्या डोळ्यांत थेंब घालताना कळतं.

याच वाऱ्यावर तळ्यात शिडाच्या नावांच्या शर्यती होतात. म्हणून अण्णा चौकशीला काठावरच्या एका क्लबात गेले. तिथले प्रशिक्षक युसूफसर, उन्हानं रापलेला दिलखुलास माणूस, त्यांनी एका नावेत अण्णांना बसवून दाखवलं. शर्यतीची नाव म्हणजे पोरांचं काम. शिडाखालची आडवी काठी वारा बदलला की डोक्यावरून सपकन फिरते, तेवढ्यात माणसानं गुडघ्यात वाकून पलीकडच्या कडेला जाऊन बसायचं. आईचे गुडघे वाकत नाहीत. देवळापुढून जातानाही ती कधी वाकत नसे, पण तो मुद्दा वेगळा. अण्णा घरी आले, जेवले, आणि टेबलावरचा प्लास्टिकचा कपडा काढून ड्रॉइंगचा कागद पसरला.

अण्णांची सगळी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून गेली. डबे, वाघिणी, बोगी. त्यांच्या हाताला रेघ मारायची सवय होती आणि ती रिटायर झाल्यापासून कुणी वापरली नव्हती. त्या हिवाळ्यात मी ऑफिसातून यायचे तर टेबलावर जेवायला जागा नसायची. मी चिडायचे, टोमणे मारायचे, "अण्णा, नाव झाल्यावर जेवण तळ्यातच वाढायचं का?" ते मान वर न करता म्हणायचे, "तू जरा बाजूला हो, उजेड अडायलाय."

आधी वाटलं, म्हाताऱ्याचा छंद आहे, चार दिवसांत उतरेल. मग एके दिवशी भिंतीला चिकटवलेला नकाशा मी वाचत बसले आणि माझे टोमणे थांबले. त्यातला प्रत्येक आकडा कुणाचा ना कुणाचा तरी होता. रुंदी साडेचार फूट, कारण शेजाऱ्यांच्या स्कूटरी सोडून फाटकातून पाच फूटच वाट उरते. लांबी साडेअकरा फूट, कारण गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला त्याहून लांब काही वळत नाही. डोलकाठी एकसंध नाही, दोन तुकड्यांची. उभी केली की एकावर एक चढते, मोडून ठेवली की नावेच्या पोटात मावते, म्हणजे रस्त्यावर मागून कुणाच्या काचेत घुसायला नको. नुसत्या नावेचं वजन साठ किलो, कारण आमच्या लहान गाडीला त्याहून जास्त ओढवणार नाही. तळ जवळपास सपाट, म्हणजे डुगडुगायचं नाही. पाण्यात उतरणारी मधली फळी वर ओढली की वीतभर पाण्यातही नाव तरंगेल. आणि शिडाखालची आडवी काठी, जी कुठल्याही शहाण्या माणसानं खाली ठेवली असती, ती अण्णांनी चांगली वर नेली होती. त्यानं शीड लहान झालं, वेग गेला. तिथं त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "बसलेली उंची अधिक अंबाडा."

चाकांच्या गाड्याचंही तसंच. मला आधी वाटायचं, नाव घरून तळ्यापर्यंत न्यायची सोय, दुसरं काय. पण अण्णांनी तो गाडा आईसाठीच बेतला होता. तिला जेट्टीच्या पायऱ्या उतरता येत नाहीत, हलत्या नावेत पाऊल टाकता येत नाही. म्हणून नाव गाड्यावर, कोरड्या जमिनीवर असतानाच तिला स्टूल लावून आत बसवायचं आणि मग तिच्यासकट गाडा उतारावरून हळूहळू पाण्यात न्यायचा. पाणी येऊन नावेला उचलून घेईल, गाडा खालून मागे ओढायचा. "तिनं पाण्याकडं जायचं न्हाई," अण्णा म्हणाले, "पाण्यानं तिच्याकडं यायचं." हे बोलून ते स्वतःच जरा लाजले आणि पट्टी शोधायला लागले.

उन्हाळाभर पार्किंगमध्ये काम चाललं. रानीगंजहून मरीन प्लायवुड आलं. अण्णांनी फळ्या कापल्या, कडांना भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेनं चक्क शिवल्या, गोधडीला टाके घालतात तशा. मग सांध्यांवर राळ आणि काचकापड. पुढच्या आणि मागच्या टोकाला हवाबंद कप्पे केले. सगळ्या जिन्यात त्या राळेचा वास भरला. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू आंटी नाकाला पदर लावून खाली यायच्या आणि तरी तासभर उभ्या राहायच्या. रंग कोणता हा प्रश्न आमच्या घरात पडत नाही. निळा. रंग वाळल्यावर अण्णांनी बाजूला पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, वाघिणीवर लिहितात तसंच: रिकामे वजन ६० किलो. माणसे २. त्याशिवाय त्यांना नाव पुरी झाल्यासारखी वाटली नसती.

आणि मग सीट. आईसाठी पाठीला टेकू असलेली, हात टेकायला दांड्या असलेली, पाय सरळ ठेवता येतील अशी पक्की सीट त्यांनी नावेच्या डाव्या बाजूला बसवली, उजवीकडे तोंड करून. हिशेब सरळ होता. बुद्ध उजव्या हाताला राहणार, म्हणजे बघणाऱ्यानं डाव्या कडेला पाठ टेकून उजवीकडे बघायचं. आईची नजर तेव्हा एखाद्या नळीतून बघावं इतकीच उरली होती. जे अगदी समोर असेल ते दिसायचं, कडेचं नाही. मान वळवत बसायला नको, सगळी फेरी तो तिच्या नाकासमोर राहावा, असा तो बेत. सीटला चार बोल्ट आणि त्यावर अण्णांच्या रेल्वेच्या विश्वासाचं वजन. आईनं पार्किंगमध्येच बसून बघितली. दांड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लोअर बर्थ दिलात बरं का." अण्णांना मेडल मिळाल्यासारखं झालं.

आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, आईला न्यायचं ठरलं. त्याआधी एक चाचणी. आईच्या जागी मी, कारण मी आईवर गेले आहे, बांध्यानंही आणि वजनानंही. अण्णा माझ्या निम्मे. मला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, हुसेनसागराच्या वासाची तर जास्तच, पण अण्णांनी जाकीट घालून दिलं आणि बजावलं, "आईसारखं बसायचं. गुडघे वाकवायचे न्हाईत. काय बी झालं तर जागा सोडायची न्हाई." युसूफसर त्यांच्या मोटरबोटीतून जरा अंतर ठेवून येत होते.

सुरुवात झकास झाली. खडकाच्या उत्तरेच्या अंगानं वारा पाठीवर घेऊन आम्ही गेलो. काहीही आवाज नाही. नावेच्या बुडाशी पाणी बारीक बोलतं तेवढंच. मला वाटलं, हे आईला आवडेल. मग वळलो आणि बुद्धाच्या समोर आलो, टँकबंड डाव्या हाताला. इथं खडकाच्या आड वारा पडला, शीड लोंबलं. अण्णा खुशीत म्हणाले, "बघ, समोर आलं की कसं शांत होतंय." आणि खडकाची आड संपली. पश्चिमेचा वारा उजव्या बाजूनं एकदम आला, शीड डावीकडे फुगलं, नाव डावीकडे कलली, आणि डावीकडे मी होते, आईसारखी, गुडघे न वाकवता, बोल्ट मारल्यासारखी. अण्णा उजव्या कडेवर बसले होते, पण त्यांच्या वजनाला कोण विचारतो? पाणी माझ्या पाठीमागून आत आलं. पुढचं मला नीट आठवत नाही. हिरवट पाणी, तोंडात गेलेली कसली तरी चव, आणि आडव्या पडलेल्या नावेला धरून अण्णांचा आनंदी आवाज: "बुडाली न्हाई! सुजे, कप्पे पास झाले!"

युसूफसरांनी आम्हाला मोटरबोटीत ओढून घेतलं. हसू दाबत होते. "साब, ये रेल का डिब्बा नक्को समझो," ते म्हणाले. "यहाँ रिजर्वेशन नहीं चलता. हवा इधर से आई तो इधर बैठो, उधर से आई तो उधर. सीट हवा देती." अण्णांचा आनंद तिथंच विरला. फेरी म्हणजे चारी दिशा. बुद्धाच्या पाठीमागून जाताना वारा डावीकडून येणार, तेव्हा आईची जागा बरोबर. समोरून जाताना उजवीकडून येणार, तेव्हा तीच जागा नाव उलटवणार. निम्मी फेरी राखणारी आणि निम्मी बुडवणारी सीट त्यांनी चार बोल्ट मारून पक्की केली होती, आणि जिच्यासाठी केली होती तिला हलता येत नव्हतं.

आषाढी पौर्णिमा आली आणि गेली. नावेवर ताडपत्री पडली. अण्णा रोज संध्याकाळी वाचत, पण आवाज खाली गेला होता. आईनं एकदाही विचारलं नाही, ते मला जास्त लागायचं. ती दुपारी गॅलरीत बसून स्वतःचाच हात डोळ्यांसमोर धरायची, मग हळूहळू बाजूला न्यायची. कुठं दिसेनासा होतो ते बघत असावी. मी ऑफिसातून आले की पटकन हात खाली घ्यायची. वाऱ्याचे दिवस निघून चालले होते. तिची नजर पुढच्या वाऱ्यापर्यंत टिकेल की नाही, हे आम्हा तिघांच्याही मनात होतं आणि तिघंही बाजारभावावर बोलत होतो.

मला त्या दिवसांत अण्णांची ती चूक पुन्हापुन्हा आठवायची आणि हसू यायचं नाही. जन्मभर ज्यांना इथून उठ, तिकडे बस, लांब हो असं ऐकावं लागलं, त्यांच्या पोरानं रेल्वेत नोकरी धरली तेव्हा त्याला त्या डब्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल? आकडा घातलेली जागा. तिकीट हातात असलं की कुणाचा बापही उठवू शकत नाही. आपल्या बायकोला पाण्यावर न्यायचं म्हटल्यावर त्यांनी तिला पहिली गोष्ट दिली ती हीच, कुणी उठवणार नाही अशी जागा. वाऱ्याला हे कुठं माहीत असणार.

श्रावण निम्मा सरला असेल. वाचन झालं, मेणबत्ती मावळायला आली होती, तेव्हा आईच बोलली. "मला हलता येत न्हाई, तर मला ऱ्हाऊ द्या की. बाकीच्यांना काय झालं हलायला?"

"मी हलतोच," अण्णा म्हणाले. "पण माझं वजन तुला पुरत न्हाई."

"सुजीचं पुरतं."

मी तसबिरींपुढचं सांडलेलं मेण खरवडत होते. "आई, मी मागच्याच महिन्यात त्या पाण्यात पडून आलेय."

"म्हणून तर. तुला आता माहीत झालं की बुडत न्हाई." आणि मग, अगदी हळू, "पोरी, मला समोरून बघायचंय."

अण्णा रात्रीच नकाशा काढून बसले. तिसरा माणूस म्हणजे नाव बोटभर खाली बसणार. शीड एक घडी घालून लहान केलं तर चालेल. युसूफसरांनी हो म्हटलं तर. युसूफसर हो म्हणाले, वर म्हणाले, सकाळी लवकर या, वारा तेव्हा शहाणा असतो. अण्णांनी सीटचा एकही बोल्ट काढला नाही. उजव्या कडेला माझे पाय अडकवायला एक पट्टा बसवला, म्हणजे मला बाहेरच्या अंगाला झुकता यावं. मग ब्रश घेऊन खाली गेले. सकाळी मी बघितलं, बाजूवरचा दोन पुसून तीन केला होता. रंग अजून ओला होता.

त्या सकाळी आभाळ भरून होतं, पण पाऊस नव्हता. आई पांढरी साडी नेसली होती, वर जाकीट, आणि अंबाडा घट्ट. कोरड्या जमिनीवर स्टुलावर पाय देऊन ती नावेत चढली, सीटवर बसली, दांड्या धरल्या. आम्ही गाडा उतारावरून सोडला. पाणी आलं, नाव हलकी झाली, आईनं एकदा श्वास आत घेतला आणि म्हणाली, "उचललं." मी उजवीकडे चढले, अण्णा सुकाणूपाशी.

उत्तरेच्या अंगानं गेलो. आई समोर बघत होती, गप्प. अण्णा मला हळूहळू सांगत होते, "आत ये. थोडी बाहेर. हां." मी सरकत होते. वळलो. आड आली, वारा पडला. मग आड संपायच्या आधी अण्णा म्हणाले, "सुजे, आता," आणि मी पट्ट्यात पाय अडकवून, होतं नव्हतं तेवढं सगळं अंग मागे पाण्यावर टाकलं. वारा आला. शीड आईच्या डोक्यावरून डावीकडे फुगलं, काठी अंबाड्याच्या वर चार बोटं राहिली. नाव थरथरली, आणि सरळच राहिली.

माझी पाठ बुद्धाकडे होती. तो माझ्या मागे, वर कुठं तरी होता. मला दिसत होती ती आई. तिचा चेहरा वर झाला होता, तोंड जरासं उघडं, वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पापणीसुद्धा लववत नव्हती. माझी आई मी तशी त्याआधी कधी बघितली नव्हती. हात दुखत होते, पाठीला पाणी लागत होतं, आणि मला वाटत होतं की हे संपू नये. अण्णा दोघींकडेही बघत नव्हते. त्यांचे डोळे शिडावर. दक्षिणेकडून वाऱ्याच्या तोंडावर जाताना चार वेळा इकडून तिकडे व्हावं लागलं, त्यात माझे गुडघे फुटले. मागच्या बाजूनं येताना मी आईशेजारी डावीकडे बसले होते, तेव्हा मलाही त्याची पाठ दिसली, खांद्यावरून उतरणाऱ्या चिवराच्या चुण्या. आई म्हणाली, "पाठीमागूनपण नीट केलंय, कोणी बघत नसलं तरी."

काठावर उतरल्यावर मी विचारलं, "समोरून दिसला?" ती म्हणाली, "दिसला की. बघायचं होतं तेवढं सगळं दिसलं." त्यानंतर दिवाळीच्या आत तिची नजर झपाट्यानं उतरली. पुढचा वारा आला तेव्हा ती टँकबंडावर गाडीत बसून बुद्धाचं विचारत होती, "आला का?" मी मनाशी धरून ठेवलं होतं, निदान तेवढं झालं. तिनं त्याला समोरून बघितलं आणि मी तिला बघताना बघितलं. ऑफिसात, बँकेच्या रांगेत, कुठंही मन खट्टू झालं की मी ते काढून बघते.

परवा ताडपत्री फडफडली, अण्णा खाली गेले, मी डबा बाजूला ठेवून आईपाशी जाऊन बसले. थेंब घालायचे होते. तिची मान मागे टेकवली, पापणी ओढली. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी तू त्याच्याकडे कशी बघत होतीस माहितेय? तुझा चेहरा अजून माझ्यासमोर आहे."

ती हसायला लागली. थेंब गालावर पडला.

"काय झालं?"

"अगं, कुठलं काय. तू आडवी आली होतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मला दिसायचं ते नळीएवढं. आन् त्या नळीत बरोबर मधोमध तू. जाकीट घालून, दात खाऊन, मागं लोंबकळायलीस. तुझ्या डोक्यावर थोडंसं त्याचं कपाळ दिसत होतं बस."

मी थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं. "मग सांगायचं ना! मी जरा आत सरकले असते."

"आत सरकली असतीस तर आपण सगळे पाण्यात." तिनं चाचपून माझा हात धरला, बाटलीसकट. "आन् मी कशाला सांगू? त्याला तर मी जन्मभर बसमधून बघितलंच होतं. तू तशी बसलेली मला परत कधी दिसणार होतीस?"

खालून अण्णांनी हाक मारली, वारा चांगला आहे, रविवारी काढायची का म्हणून. मी आईच्या गालावरचा थेंब पुसत होते. आईनंच गॅलरीतून ओरडून सांगितलं, "काढा. तिघांची."